आधी आकडा, मग चावी: टाइप १ डायबेटिस घेऊन गाडी शिकतानाच्या नोंदी

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी गाडी शिकण्याबद्दल जे लिहिलेलं सापडतं, त्यात धीर देणारं पुष्कळ आणि कामाचं कमी. कुठे अडतं आणि अडल्यावर नेमकं काय करायचं, हे मी शिकता शिकता लिहून ठेवत गेले. माझ्याकडचं सामान असं: इन्सुलिनचा पंप, दंडावर शुगर सतत मोजणारा सेन्सर, पिशवीत बोट टोचून मोजायचं ग्लुकोमीटर. शुगरचे आकडे सगळे मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये आहेत. ज्यांचं मीटर मिलिमोल दाखवतं त्यांनी १८ ने भागावं. मर्यादा मात्र प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांशी बसून ठरवायच्या. माझ्या उचलू नका.

६ जानेवारी. गाडीच्या आधी डॉक्टर

मला वाटलं होतं पहिला प्रश्न एचबीए१सीचा असेल. डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला. तीन महिन्यांची सरासरी चांगली दिसते म्हणजे शुगर खाली जात नाही असं नसतं. उलट बरेच हायपो, म्हणजे शुगर फार खाली जाण्याचे प्रकार, होऊनही सरासरी छान दिसू शकते. त्यांनी विचारलं ते हे: गेल्या वर्षभरात दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता आलं नाही असा हायपो झाला का? शुगर उतरताना कळतं का? आणि कळतं ते कितीला?

तिसऱ्या प्रश्नाला मी अडखळले. "सत्तरच्या आसपास कळतं" असं म्हणाले, पण ते अंदाजपंचे होतं. पुढचे आठवडे प्रत्येक हायपोसमोर ‘आधी मला कळलं की आधी सेन्सरला’ एवढं लिहायला सांगितलं. गाडी शिकायचं ठरवणाऱ्याने हे काम क्लास लावायच्या आधीच सुरू करावं.

मग डोळे आणि पाय. रेटिना (डोळ्याच्या आतला पडदा) तपासताना बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालतात आणि त्यानंतर काही तास उजेड सहन होत नाही, जवळचं धूसर दिसतं. त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. रेटिनावर मोठं लेझर झालेलं असेल तर कडेची नजर किती उरली आहे तेही तपासून घ्यावं लागतं. फळ्यावरची अक्षरं वाचता आली म्हणून बाजूने येणारी सायकल दिसेलच असं नाही. पायांना १० ग्रॅमचा तो नायलॉनचा तंतू टोचून पाहिला. माझी जाणीव शाबूत निघाली. नसेल त्यांनी पेडल किती दाबलंय हे पायाला कळतंय का, याचा विचार पहिल्या दिवशीच करावा. ऑटोमॅटिक गाडी, हाताने चालणारे कंट्रोल, असे मार्ग आहेत.

घरी येताना कागदावर एक चौकट लिहून आणली. ती ब्रिटनमधल्या चालकांसाठीच्या सूचनांवरून घेतलेली आहे, कारण त्या आकड्यांत बोलतात:

निघण्याआधी दोन तासांच्या आत शुगर बघायची आणि वाटेत दर दोन तासांनी. ९० किंवा त्याखाली असेल तर आधी काहीतरी खायचं. ७२ च्या खाली गाडी चालवायचीच नाही. वाटेत उतरली तर सुरक्षित जागी थांबायचं, इंजिन बंद, चावी बाहेर, चालकाच्या सीटवरून उठायचं. शुगर पुन्हा ९० वर आली की तिथून ४५ मिनिटं थांबायचं, कारण रक्तात साखर परत आली तरी मेंदू सावरायला तेवढा वेळ घेतो.

ही ४५ मिनिटं वाचताना क्षुल्लक वाटली. पुढे सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच खाल्ला.

आपल्या देशात लायसन्सच्या अर्जावर आरोग्याबद्दल काय विचारतात, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं का, विमा कंपनीला कळवावं लागतं का, हे आधी वाचा आणि खरं ते लिहा. लपवलं तर अपघाताच्या दिवशी विमा उभा राहीलच असं नाही.

१९ जानेवारी. क्लास

पहिल्या ठिकाणी फोनवर ‘डायबेटिस’ हा शब्द ऐकताच बॅच भरल्याचं कळलं. दुसऱ्या ठिकाणचे सर म्हणाले, "ठीक आहे मॅडम, पण मग मला काय करावं लागेल ते सांगा." एवढ्यावरच मी क्लास पक्का केला.

त्यांना सांगितलं ते असं. मी अचानक गप्प झाले, किंवा साध्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, तर त्यांनी त्यांच्या बाजूच्या ब्रेक-क्लचने गाडी कडेला घ्यायची. माझी परवानगी मागत बसायचं नाही. ग्लुकोजच्या गोळ्या कुठे आहेत ते दाखवलं. मी शुद्धीत आणि गिळू शकणारी असेन तरच तोंडात द्यायचं. बेशुद्ध झाले तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. पिशवीत ग्लुकागॉन (बेशुद्धीत शुगर चढवणारं औषध) आहे, पण ते त्यांनी वापरावं अशी माझी अपेक्षा नव्हती आणि तसं स्पष्ट सांगितलं.

हे सगळं तोंडी सांगून उपयोग नाही. एका जाड कागदावर चार ओळींत लिहून तो डॅशबोर्डवर ठेवला, कारण गाडी तीच राहते, सर कधीकधी बदलतात.

२ फेब्रुवारी. हाफ क्लच आणि छातीतली धडधड

पहिला धडा मोकळ्या मैदानात. क्लच सोडताना गाडी गचके खात बंद पडत होती. थोड्या वेळाने तळहात ओले, डाव्या पायाला कापरं, छातीत धडधड. माझ्या डोक्यात गेल्या कित्येक वर्षांचा एकच अर्थ पक्का आहे: घाम, कापरं, धडधड म्हणजे शुगर उतरली. "सर, थांबायचं."

मीटर: १८४.

परत सुरू केलं. पुन्हा कापरं. पुन्हा थांबून पाहिलं: १९१. सर घड्याळाकडे बघायला लागले.

कारण सरळ आहे. हायपोची पहिली लक्षणं अ‍ॅड्रेनलिनमुळे येतात आणि नवशिक्या चालकाची भीतीही अ‍ॅड्रेनलिनच सोडते. शरीराला घंटा एकच आहे. वर अ‍ॅड्रेनलिन यकृतातली साखर रक्तात ढकलतं, म्हणून आकडा उलट चढत होता. हे मला पुस्तकी माहीत होतं, पण डाव्या पायाला माहीत नव्हतं.

उपाय: धडा सुरू होण्याआधी सेन्सरचा आकडा आणि शुगर कुठे चाललीय ते दाखवणारा बाण, दोन्ही बघायचे. तो ठीक असेल तर पहिल्या वीस मिनिटांतलं कापरं भीतीच्या खात्यात टाकायचं, थांबायचं नाही. सेन्सरचा अलार्म वाजला तरच थांबायचं.

९ फेब्रुवारी. उलटा प्रकार

आज तोच उपाय अंगावर आला.

सुरुवातीला ११८, बाण आडवा. मैदानातून आतल्या रस्त्यावर आलो. कापरं नाही, घाम नाही. मला वाटलं, चला, भीती गेली. सर म्हणाले "डावीकडे", मी इंडिकेटर उजवा दिला. त्यांनी परत सांगितलं, मी परत उजवाच दिला आणि वर "डावाच दिलाय" म्हणून वाद घातला. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जायला जमेना, हात नुसता गिअरवर ठेवून बसले. सरांनी गाडी कडेला घेतली. सेन्सर ७८ दाखवत होता, बाण खाली. बोट टोचलं: ६१.

घाम अजूनही नव्हता.

घरी मागचे आकडे उघडले तेव्हा उलगडा झाला. आदल्या रात्री झोपेत शुगर बराच वेळ ५५ च्या आसपास होती. अलार्म बंद करून, गोळ्या खाऊन झोपले होते आणि सकाळी विसरलेही होते. एक हायपो झाला की पुढच्या हायपोची घंटा बोथट होते. अ‍ॅड्रेनलिन उशिरा आणि कमी सुटतं. उरतात ती मेंदूला साखर कमी पडल्याची लक्षणं: गोंधळ, हट्ट, मंदपणा. ती आपली आपल्याला दिसत नाहीत, शेजारच्याला दिसतात.

म्हणून दोन नियम वाढवले. रात्री हायपो झाला असेल तर दुसऱ्या दिवशी धडा रद्द. (फी गेली तर गेली.) आणि कापरं येत नाही हे शुभलक्षण धरायचं नाही. माझ्यासाठी खरी खूण आहे वाद घालणं. सरांना ती कागदावर लिहून दिली, तर म्हणाले, "मॅडम, वाद सगळेच घालतात. तुम्ही इंडिकेटर चुकवून घातला, म्हणून थांबवलं." तेही लिहून घेतलं.

आणि सेन्सर ७८ तर बोटाचं रक्त ६१, हा फरक बिघाड नव्हे. सेन्सर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. शुगर वेगाने बदलत असताना तो नेमका तेव्हाच मागे पडतो जेव्हा त्याची गरज असते.

२४ फेब्रुवारी. वेळ बदलून घेतली

धडे जेवणानंतर दीड तासाने होते. जेवणाआधी घेतलेलं झटपट इन्सुलिन साधारण पंधरा मिनिटांत कामाला लागतं, एक ते दोन तासांत जोरावर असतं आणि तीन ते पाच तास रेंगाळतं. म्हणजे ते सगळ्यात जोरात असताना मी गाडीत बसत होते. वेळापत्रक बनवताना सगळ्यांच्या सोयी पाहिल्या, इन्सुलिनची कुणी पाहिली नाही.

आता धडा भल्या सकाळी, नाश्त्याच्या आधी. अंगात फक्त बेसल, म्हणजे पंपातून सतत थोडं थोडं जाणारं इन्सुलिन, चालू असतं. पहाटे शुगर थोडी चढते, तीही इथे उपयोगीच पडते. पहिल्याच आठवड्यात शुगरची रेघ सपाट झाली. सकाळच्या जागेसाठी थांबावं लागलं, त्यात बरेच दिवस गेले.

तोटा पुढे कळेल: त्या वेळी रस्ते रिकामे असतात आणि रिकाम्या रस्त्यावर शिकलेली गाडी गर्दीत चालत नाही.

२७ फेब्रुवारी. पट्टा, नळी, सेन्सर

गाडीत बसल्यावर अंगावरच्या उपकरणांचं काय होतं हे कुणीच सांगत नाही.

पंप कमरेला पुढे अडकवलेला असतो तिथेच सीट-बेल्टच्या पट्ट्याचा खालचा भाग येतो. पट्टा सोडून घाईत उतरताना नळी ताणली गेली आणि पोटावरची सुई अर्धवट उपसली. त्या क्षणी काही जाणवलं नाही. तासाभराने शुगर २६० पार गेली तेव्हा कळलं की इन्सुलिन कपड्यांत जात होतं. आता पंप डाव्या खिशात, नळी कपड्याच्या आतून, आणि सुई बसवताना पट्टा जातो ती रेघ सोडून जागा निवडते. दाराच्या हँडलमध्ये नळी अडकते, तेही सांभाळा.

सेन्सर उजव्या दंडावर मागच्या बाजूला होता. सीटला दंड टेकला की त्यावर दाब येतो. दाबाखाली सेन्सर खोटा लो दाखवतो. रात्री कुशीवर झोपल्यावर होतं तेच. धड्यात एकदा आकडा सरळ कोसळत ५८ झाला, मीटर म्हणालं १२१. अशा वेळी आलेख बघावा: खरी घसरण उतारासारखी येते, दाबाची घसरण कडा तुटल्यासारखी. पण हे सगळं गाडी थांबवल्यावर. चालत्या गाडीत अलार्म वाजला की तो खरा धरायचा, शहानिशा कडेला थांबून.

नवा सेन्सर लावल्यावर तो सुरू व्हायला कंपनीप्रमाणे अर्धा तास ते दोन तास लागतात आणि पहिल्या दिवशी आकडे जरा वाहवतात. धड्याच्या सकाळी सेन्सर बदलायचा नाही.

५ मार्च. अलार्म कितीला

अलार्म ७० ला लावलेला होता. घरात पुरतो, गाडीत उशीर होतो. हिशोब करून पाहिला. खाली सरळ बाण म्हणजे मिनिटाला साधारण २ मिग्रॅ किंवा जास्त. १२० ला खाली बाण असेल तर पंधरा मिनिटांत ९०. त्यात सेन्सर मागे, आणि थांबायला जागा मिळेपर्यंत आणखी पाच मिनिटं. म्हणून गाडीत असताना अलार्म १०० ला. आकड्याइतकाच बाण महत्त्वाचा: १३० आणि खाली बाण असेल तर मी निघत नाही, १०५ आणि आडवा बाण असेल तर दोन गोळ्या खाऊन निघते.

फोन समोर स्टँडवर लावून पाहिला. नजर दर मिनिटाला तिकडे. काढून टाकला. आता फोन पिशवीत, आवाज मोठा. लो आणि हाय यांचे आवाज वेगळे ठेवलेत. त्याच आवाजात संदेशही वाजत होते, ते बंद केले.

१२ मार्च. गोळ्या कुठे ठेवायच्या

मागच्या सीटवरच्या पिशवीत: हात पोचत नाही. समोरच्या कप्प्यात: पट्टा सोडून वाकावं लागतं. दाराच्या खणात: पोचतो. पण नवीन नळकांड्याचं प्लास्टिकचं सील कापऱ्या हातांनी उघडत नाही, दातांनी तोडावं लागलं. आता सील घरीच काढून ठेवते. एका गोळीत ४ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चार गोळ्यांत १६ ग्रॅम; पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट ठेवू नका. त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते, आणि गाडीत ते वितळतं ते वेगळंच.

यात एक जागा अशी आहे जिथे जाणकारही फसतात. गोळ्यांची भुकटी बोटांना लागते. त्याच बोटातून रक्त काढलं तर मीटर भलतं वर दाखवतं. गोळ्या खाल्ल्यावर चार मिनिटांत २१२ आलं, आणि आपण सावरलो असं वाटून निघायच्या बेतात होते. सर म्हणाले "इतक्या लवकर?" हात पुसून दुसरं बोट टोचलं: ७४. तेव्हापासून दाराच्या खणात ओला रुमाल असतोच, साध्या पाण्याचा.

उन्हात बंद गाडी तापते. मीटरने तापमानाची चूक दाखवून मोजायलाच नकार दिला; बहुतेक मीटर १० ते ४० अंशांतच काम करतात. वापरात असलेलं इन्सुलिनही ३० अंशांच्या वर ठेवायचं नसतं. गाडीत राहतात फक्त गोळ्या. बाकी सगळं माझ्यासोबत उतरतं.

२० मार्च. ती ४५ मिनिटं

धडा तासाचा. दहाव्या मिनिटाला अलार्म, बोटाचा आकडा ६७. गोळ्या, पंधरा मिनिटं, ८४, अजून दोन गोळ्या, मग ९६. इथून ४५ मिनिटं. धडा संपला.

असं काही वेळा झालं. फी पूर्ण जाते आणि सरांनाही मोकळं बसायचा कंटाळा येतो. त्यांनीच तोड काढली: मी शेजारच्या सीटवर, गाडी ते चालवतात, आणि ते काय बघतायत हे तोंडाने बोलत जातात. "पुढच्या गाडीचा ब्रेक लाइट... डावीकडे मुलगा, त्याचं लक्ष नाही... आरसा... आता वेग कमी." सुरुवातीला त्यांनी त्यात नियमही शिकवले, त्यातलं दुसऱ्या दिवशी मला निम्मंही आठवेना, जे साहजिक होतं. मग नियम बंद, फक्त बघायचं. खरं सांगायचं तर आरशांचा वापर मी चालकाच्या सीटवर कमी आणि त्या सक्तीच्या बैठकांत जास्त शिकले.

३१ मार्च. जास्त शुगरचं सोंग

हायपोच्या धास्तीने मी धड्याआधी थोडं जास्तच खाऊन बसायला लागले होते. २४०-२५० ला सुरुवात. अलार्म वाजत नाही, धडा अखंड होतो, सगळे खूश.

पण गाडी वाईट चालत होती. रिव्हर्सला अंतर चुकत होतं, पाट्या उशिरा वाचता येत होत्या, डोळ्यांवर झापड. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डॉक्टर म्हणाले, थांबा. शुगर वर-खाली होते तेव्हा डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो आणि नजर बदलते. शुगर स्थिरावल्याशिवाय नंबर काढू नका. चष्म्याचे पैसे वाचले.

वरच्या बाजूला त्यांनी एक ठाम आकडा दिला नाही. अंगात बरं नसेल, झापड असेल, तहान लागून सारखी लघवी होत असेल, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारं आम्ल) असतील, तर गाडी नाही. सुरुवातीसाठी ११० ते १८० ही खिडकी ठरली. १८० च्या वर असेल तर धड्याच्या तोंडावर उतरवायचा डोस घ्यायचा नाही, कारण तो धडा चालू असतानाच जोर धरणार. डोस घेतला तर धडा पुढे ढकलायचा. पंपात शुगरचं तात्पुरतं वरचं लक्ष्य लावायची सोय आहे, म्हणजे तो इन्सुलिन कमी सोडतो; तीही धड्याच्या तास-दीड तास आधी लावली तरच उपयोग होतो. गाडीत बसून लावलं तर आधी गेलेलं इन्सुलिन परत येत नाही.

१७ एप्रिल. गर्दी

सकाळच्या रिकाम्या रस्त्यांचं कर्ज फेडलं. संध्याकाळचे धडे घेतले, दुपारच्या जेवणापासून चार तास सोडून. गर्दीत सतत क्लच, सतत नजर. शुगर आधी चढली आणि धडा संपल्यावर तासाभराने घसरली. भीतीने चढलेली साखर उतरवायला डोस घेतला तर नंतरची घसरण दुप्पट होते, त्यामुळे घेतला नाही. चढावर उभ्या गाडीला हँडब्रेकने उचलणं याच आठवड्यात जमलं. त्यात डायबेटिसचा काही संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

व्यायामाच्या दुसऱ्या दिवशीही जपावं लागतं. भरपूर चालल्यावर स्नायू साखर ओढत राहतात आणि चोवीस तासांपर्यंत शुगर उतरू शकते.

६ मे. परीक्षा, पहिली

निघताना १४२. तिथे पोचेपर्यंत २२८, केवळ धास्तीने. डोस घेतला नाही. रांग लांबली. दोन तास होत आले म्हणून पुन्हा पाहिलं, १६३ आणि बाण खाली. दोन गोळ्या. परीक्षकांना आधीच सांगितलं की दंडावर आणि कमरेला जे आहे ते वैद्यकीय उपकरण आहे, आवाज झाला तर मी कडेला थांबेन. त्यांनी मान डोलावली, एवढंच.

नापास. चढावर गाडी मागे आली. शुगर त्या वेळी १५१ होती, म्हणजे दोष द्यायला तीही नाही.

परतताना गाडी दादाने चालवली, ते आधीच ठरलं होतं आणि बरं झालं: ताण सुटल्यावर वाटेत ६६. परीक्षेला जाताना परत आणणारा माणूस बरोबर ठेवा, पास व्हा किंवा नापास.

२८ मे. परीक्षा, दुसरी

पास. रांगेत उभं न राहता माझी पाळी कितीला येईल हे विचारून दादासोबत सावलीत बसून राहिले, एवढाच बदल. आणि हो, मधले आठवडे फक्त चढ.

२१ जून. एकटीने

आता शेजारी सर नाहीत, म्हणजे माझा गोंधळ बघणारं कुणी नाही. ९ फेब्रुवारीसारखा प्रकार एकटीला झाला तर ओळखणार कोण, हा प्रश्न मी डॉक्टरांसमोर ठेवला. मधल्या महिन्यांत रात्रीचे हायपो जवळजवळ थांबवले आहेत. काही आठवडे हायपो टाळले की बोथट झालेली घंटा बरीचशी परत येते, आणि जानेवारीपासूनच्या वहीत ते दिसतंही: आता बहुतेक वेळा सेन्सर आणि मला एकदमच कळतं. तरीही एकटीने गाडी काढायची अट आम्ही घंटेवर ठेवली नाही. निघण्याआधी आकडा आणि बाण, अलार्म १०० ला, दोन तासांची मर्यादा, आणि सेन्सरचे आकडे दादाच्या फोनवर दिसतात. खाली गेले तर तो फोन करतो. तो फोन मी चालत्या गाडीत उचलत नाही. वाजला याचाच अर्थ थांब.

सेन्सर बंद पडला असेल तर एकटीने जात नाही. शेजारी कुणी असेल तर मीटरवर जाते, पण दर तासाला थांबून.

मदत लागेल असा हायपो झाला तर गाडी बंद आणि डॉक्टरांकडे, हेही ठरलेलं आहे. ब्रिटनच्या नियमांत जागेपणी असे एकाहून जास्त हायपो बारा महिन्यांत झाले तर गाडी चालवणं थांबवून कळवावं लागतं. मी माझ्यासाठी एकच पुरेसा धरलाय.

राहिलेलं काम: रात्रीची गाडी आणि हायवे. हायवेवर थांबायला जागा लांब लांब असतात, त्यामुळे १०० चा अलार्म तिथे पुरेल असं वाटत नाही. पुढच्या महिन्यात दादाला शेजारी बसवून ११० ला लावून बघणार आहे.